परळच्या सहा झोपड्या

इ. स. १८९६ चा पावसाळा सरत आला असताना मुंबई बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि माणसांनी गजबजलेल्या चाळी यांच्या त्या कोंदट मुलखात, तीव्र ताप आणि जांघेत किंवा काखेत उठणारी गाठ एवढ्या दोनच लक्षणांनिशी माणसे चार-सहा दिवसांत दगावू लागली. पण त्या तापाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्यास आरंभी कोणी धजेना, कारण ते नाव एकदा दप्तरी दाखल झाले की बंदराचा व्यापार बसणार आणि परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावून घेणार, हे पेढीवरच्या शेटजींना जसे कळत होते तसेच सचिवालयातल्या साहेबांनाही कळत होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्यातील हडफडे गावच्या आणि मुंबईत वैद्यकी करणाऱ्या गृहस्थांनी तो संकोच मोडला आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे उघड सांगितले. पुढील वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात लक्षावधी बळी घेतले. एकट्या १९०७ सालचा आकडा तेरा लाखांच्या घरात जातो. त्या मृत्यूंची, पुण्यातील रँडसाहेबाच्या अमलाची आणि चापेकर बंधूंच्या पिस्तुलाची कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. परंतु त्याच काळात आणि त्याच मुंबईत, हा रोग एका जिवाकडून दुसऱ्या जिवाकडे जातो कसा या प्रश्नाचा जो छडा लागला, त्याची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आणि निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, तुलना-गट, अधिवास, वाहक हे जे शब्द जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात व्याख्यांच्या रूपाने घोकावे लागतात, ते ज्या झगड्यात कमावले गेले तो झगडा पाहण्यास त्या कथेसारखे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही.

रोगाचे कारण कोणते, याविषयी जाणत्या मंडळींत मोठा वाद उरलेला नव्हता. १८९४ च्या जून महिन्यात हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सँ या पाश्चरच्या परंपरेतील वैद्याने रोग्यांच्या गाठींत प्लेगचा सूक्ष्म जंतू पाहिला होता, आणि तेथील मेलेल्या उंदरांच्या शरीरातही तोच जंतू त्याला आढळला होता. अज्ञान होते ते मार्गाविषयी. आणि मार्ग ठाऊक नसताना बंदोबस्त करावयाचा तर सरकार जे करते तेच मुंबई सरकारने केले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग कमिटी बसली, आणि घरांच्या झडत्या, रोग्यांची इस्पितळांत व त्यांच्या आप्तांची छावण्यांत रवानगी, भिंतींना चुना, जमिनींना कार्बोलिक, गटारांतून औषधी पाण्याचे लोट आणि चिरगुटांच्या होळ्या असा सपाटा सुरू झाला. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक गृहीतक होते: रोगाचे विष घाणीत, ओलीत, रोग्याच्या श्वासात आणि त्याच्या अंथरुणा-पांघरुणात असते, आणि ते धुऊन, जाळून अथवा माणसांना अलग करून नाहीसे करता येते. हे गृहीतक मूर्खपणाचे मुळीच नव्हते. पटकीच्या बाबतीत त्याच्या बरेच जवळपासचे गृहीतक खरे ठरलेलेही होते. दोष एवढाच की ते कोणी गृहीतक म्हणून मांडले नाही. ते हुकमाच्या रूपाने अवतरले, आणि हुकमाची अंमलबजावणी होते, पडताळणी होत नाही. जो नियम मोडला असता काय दिसले पाहिजे हे आधी सांगून ठेवलेले नसते, त्याच्या विरुद्ध कितीही पुरावा समोर आला तरी अधिकारी त्याचा अर्थ अंमलबजावणीतली कुचराई असाच लावतो; आणि १८९७ सालच्या मुंबईत नेमके तसेच घडले. धुतलेल्या घरांत माणसे पुन्हा मरत, आणि धुणाऱ्यांची संख्या वाढविली जाई.

लोकांचे निरीक्षण मात्र निराळे होते, आणि ते पुरातन होते. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, गावात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर खोपटी घालावी, हा शहाणपणा दख्खनच्या खेड्यांत साहेबाच्या कायद्याने शिकवावा लागला नाही. हिमालयाच्या पायथ्याकडील गढवाल-कुमाऊँ प्रांतांतही तोच परिपाठ होता. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात १६१८-१९ च्या सुमारास आग्ऱ्याकडे उद्भवलेल्या साथीच्या प्रसंगी आसफखानाच्या कन्येने सांगितलेली एक हकीकत नोंदवून ठेवली आहे: वाड्याच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा धडपडत आला, मांजरीने त्याला धरले आणि लगेच टाकून दिले, पुढे ती मांजर आजारी पडली, आणि त्यानंतर वाड्यातल्या दासींना गाठी येऊन थोड्याच दिवसांत पुष्कळ माणसे गेली. बादशहाची दृष्टी पशुपक्ष्यांच्या बाबतीत विलक्षण तरतरीत होती, आणि या नोंदीतला घटनाक्रम एखाद्या विकृतिशास्त्रज्ञाने लिहावा इतका चोख आहे. तरीसुद्धा ती केवळ नोंद राहिली. उंदीर आधी मरतात आणि माणसे मागून मरतात, एवढ्यावरून उंदरांमुळे माणसे मरतात असे ठरत नाही. जमिनीतून वर येणारे एखादे विष भुईलगत वावरणाऱ्या उंदराला आधी आणि खाटेवर निजणाऱ्या माणसाला मागून गाठत असेल, असा युक्तिवाद कोणीही करू शके, आणि त्या काळी तो पुष्कळ विद्वानांनी केलाही. पौर्वापर्य आणि कार्यकारणभाव यांच्यामध्ये जी दरी आहे ती अधिक निरीक्षणांनी बुजत नाही. तिच्यावर पूल घालावयाचा तर हस्तक्षेप करावा लागतो, म्हणजे निसर्गाला आपण होऊन एक प्रश्न घालावा लागतो.

असा पहिला धीट हस्तक्षेप मुंबईत वाल्देमार हाफकिन या रशियात जन्मलेल्या यहुदी जंतुशास्त्रज्ञाने केला, पण तो मार्ग शोधण्यासाठी नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर, मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्याखाली प्लेगच्या जंतूंचे झुबके त्याने वाढविले, ते उष्णतेने मारले, आणि ती लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे बंदिवान राजी झाले अशा सुमारे दीडशे जणांना त्याने लस दिली आणि उरलेल्यांना तसेच ठेवले. टोचलेल्यांपैकी दोघांना रोग झाला व कोणी दगावला नाही; न टोचलेल्यांपैकी बारांना झाला व सहा दगावले. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, कोठड्या आणि पहारेकरी एकच असल्यामुळे फरक लसीखेरीज अन्य कशाचा असण्याचा संभव कमी, हा या रचनेचा सारा जोर; तथापि लस घेण्यास आपण होऊन पुढे येणारा बंदिवान आणि मागे राहणारा बंदिवान हे मुळातच प्रकृतीने सारखे असतील असे नाही, आणि चिकित्सक वाचकाने तुलना-गटाच्या या दोषाकडे डोळेझाक करू नये. हाफकिनच्या वाट्याला पुढे पंजाबातील मुलकोवालच्या दुर्घटनेचा अन्याय्य ठपका आला आणि १९०७ साली तो धुऊन निघाला, ते प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे. येथे एवढेच पुरे की १८९९ च्या ऑगस्टपासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात, जेथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर राहत, तेथे थाटली गेली, आणि आपल्या कथेचा मुख्य प्रवेश त्याच आवारात घडावयाचा आहे.

तत्पूर्वी कराचीला गेले पाहिजे. यर्सँच्या मागोमाग पाश्चर संस्थेने हिंदुस्थानात पाठविलेला पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच वैद्य मुंबई इलाख्यात प्लेगच्या रोग्यांमागून हिंडत असता त्याच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, गाठ येण्यापूर्वी एक बारीकसा फोड दिसतो आणि त्या फोडातील द्रवात प्लेगचे जंतू असतात. म्हणजे विष श्वासाने किंवा अन्नाने आत गेलेले नाही, त्वचेतून गेले आहे. दुसरी अशी की नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा मरतो, पण काही काळापूर्वी मेलेल्या उंदराला हात लावणारा सहसा वाचतो. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा पडलेला आढळला; तो साफ करण्यास लावलेल्या वीस मजुरांपैकी दहांना तीन दिवसांत प्लेग झाला, आणि कारखान्यातले इतर लोक सुखरूप राहिले. उंदराचे प्रेत शिळे झाल्यावर निर्धोक का व्हावे? जंतू तर त्यात असतातच. त्या प्रेतावरून काहीतरी निघून जात असले पाहिजे. आणि शरीर थंड पडताच जे उडून जाते ते म्हणजे पिसवा. या तर्काची परीक्षा सिमाँने २ जून १८९८ रोजी कराचीत केली. प्लेग झालेला एक उंदीर पिसवांसह काचेच्या मोठ्या बरणीत ठेवावयाचा, तो मरणपंथाला लागला की लहान पिंजऱ्यातला एक निरोगी उंदीर बरणीत अशा बेताने अधांतरी टांगावयाचा की त्याचा पहिल्याला, तळच्या वाळूला किंवा बरणीच्या भिंतीला स्पर्श होऊ नये, पण पिसवेची उडी मात्र पोहोचावी, अशी ती साधी रचना होती. टांगलेला उंदीर काही दिवसांनी प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या बरणीत आजारी उंदराच्या संगतीत ठेवलेले निरोगी उंदीर मेले नाहीत. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिल्याला अजून वर्षही पुरे झाले नव्हते. कीटक हा रोगाचा वाहक असू शकतो ही कल्पना तेव्हा नवी होती, पण अद्भुत राहिली नव्हती.

आणि तरीही सिमाँचे कोणी ऐकले नाही. १८९८-९९ साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने शहरोशहरी साक्षी घेऊन जे जाडजूड अहवाल सिद्ध केले, त्यांत पिसवांच्या या उपपत्तीला विचारात घेण्याजोगेही बळ नाही असा अभिप्राय दिला. आजच्या लेखकाला या कमिशनची थट्टा करण्याचा मोह होतो, पण मी तो आवरतो, कारण त्यांच्या आक्षेपांत तथ्य होते. सिमाँचे यशस्वी प्रयोग थोडे होते. इतर संशोधकांनी ते करून पाहिले तेव्हा ते पुष्कळदा फसले. आणि पुढे गाल्ली-व्हालेरिओ या विद्वानाने तर असे दाखविले की युरोपातल्या उंदरांवरच्या पिसवा भुकेल्या असूनही माणसाला चावत नाहीत. जो प्रयोग दुसऱ्याच्या हातून पुन्हा घडत नाही त्याला संशयाने पाहणे हा विज्ञानाचा रास्त कायदाच होय. कमिशनची खरी चूक पुराव्याच्या वजनात झाली नाही, ती प्राणिशास्त्रात झाली: पिसू म्हणजे पिसू, मग ती पॅरिसच्या उंदरावरची असो वा मांडवीच्या, असे सर्वांनीच धरून चालले होते. निरनिराळ्या जातींच्या पिसवांचे आश्रयदाते निराळे, हवामान निराळे, भूक भागविण्याच्या रीती निराळ्या, हा विचार शरीरविकृतीच्या शास्त्रात नव्हता. तो त्या शास्त्रात होता ज्याला आज आपण परिस्थितिविज्ञान म्हणतो आणि ज्याचे तेव्हा विश्वविद्यालयांत धड आसनही मांडलेले नव्हते.

ती उणीव भरून निघण्यास एक विलक्षण गृहस्थ कारण झाले. लंडनच्या सुप्रसिद्ध सावकारी घराण्यातले नॅथॅनियल चार्ल्स रॉथशील्ड यांना पिसवा गोळा करण्याचा नाद होता, आणि १९०३ साली त्यांनी नाईलच्या खोऱ्यातून आणलेल्या एका नव्या जातीचे वर्णन करून तिला पिरॅमिड बांधणाऱ्या फेरो राजाच्या नावावरून चिऑपिस असे नाव दिले. त्याच सुमारास मुंबईत कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन हा उटकमंडचा जन्म असलेला लष्करी वैद्य उंदरांच्या अंगावरील पिसवा वेचून पाहत होता, आणि त्याला असे आढळले की मुंबईच्या उंदरांवर युरोपीय पिसू जवळजवळ नाहीच. आहे ती बहुतांशी हीच उष्ण प्रदेशातली जात, आणि ती माणसालाही चावते. १९०३ च्या वसंतात मुंबईतील एका इमारतीत आधी उंदीर मेले. मग पिसवांचा असा सुळसुळाट झाला की रहिवासी खोल्या सोडून ओटीवर निजू लागले. आणि मग त्यांच्यापैकी काहींना प्लेग झाला. लिस्टनने त्या माणसांच्या अंगावरून ३० पिसवा पकडविल्या, तो त्यांपैकी १४ उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच सापडे. आश्रयदाता मेला, उपाशी परजीवी निराश्रित झाला, आणि जवळ जो उष्ण रक्ताचा प्राणी मिळाला त्याच्यावर तो चढला: मांडवीपासून आग्ऱ्याच्या वाड्यापर्यंतच्या सर्व हकीकतींचा उलगडा या एका वाक्यात होता. हा निबंध लिस्टनने १९०४ साली वाचला तो कोणत्याही वैद्यकसभेत नव्हे, तर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, पक्षी आणि फुलपाखरे यांचे शौकीन ज्या सभेला जमत तेथे. आणि मला तर ही जागा अत्यंत उचित वाटते.

१९०५ साली इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांच्या संयुक्त सल्ल्याने नवे प्लेग-संशोधन मंडळ परळला येऊन दाखल झाले. लिस्टर इन्स्टिट्यूटचे चार्ल्स मार्टिन यांनी कामाची आखणी केली. लॅम्ब, पेट्री, रोलँड आणि स्वतः लिस्टन ही मंडळी प्रत्यक्ष कामाला होती. पहिल्या कमिशनने साक्षीदार बोलाविले होते. या मंडळाने सुतार आणि गवंडी बोलाविले. परळच्या आवारात त्यांनी एकमेकींशेजारी सहा झोपड्या उठविल्या, आकाराने आणि बांधणीने शक्य तितक्या सारख्या, फरक फक्त छपराचा: पहिल्या दोहोंवर साधी देशी कौले, ज्यांच्या पोकळ्यांत उंदीर सुखाने घर करतात, मधल्या दोहोंवर सपाट मंगलोरी कौले, जेथे त्यांना थारा मिळतो पण कमी, आणि शेवटच्या दोहोंवर पन्हाळी लोखंडी पत्रे, जेथे त्यांना मुळीच थारा नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणलेली होती, अशासाठी की उंदीर खाली येऊ नयेत, पण त्यांच्या लेंड्या आणि त्यांच्या पिसवा खाली पडाव्यात. मग काही काळ नुसती वाट पाहिली. आसपासचे उंदीर आपण होऊन पहिल्या चार छपरांत बिऱ्हाडे करून राहिले. त्यानंतर सहाही झोपड्यांत निरोगी गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्यात प्लेगचा जंतू टोचलेले गिनीपिग मिसळले.

टोचलेले प्राणी सहाही ठिकाणी मेले, हे अपेक्षितच होते. पहिल्या चार झोपड्यांत त्यांच्यामागून निरोगी प्राणीही मरू लागले, आणि जेथे पिसवा जास्त तेथे साथ अधिक वेगाने पसरली. पत्र्याच्या झोपड्यांत मात्र निरोगी गिनीपिग रोग्यांच्या अंगाला अंग लावून निजले, त्यांच्या मलमूत्रात वावरले, त्यांच्या शेजारी चरले, आणि सुखरूप राहिले. घाण, ओल, श्वास, स्पर्श यांपैकी जे जे म्हणून गॅटेकर कमिटीने धुऊन काढले होते ते सारे तेथे विपुल होते. नव्हत्या त्या फक्त पिसवा. पुढे सहाव्या झोपडीत नजरचुकीने पिसवा शिरल्या, आणि तेथेही साथ सुरू झाली. पाचवी तशीच निर्वेध राहिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मौल्यवान पुरावा हा अपघात होय, कारण प्रयोगकर्त्याच्या इच्छेविरुद्ध आलेल्या उत्तराला त्याच्या पक्षपाताचा वास येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सारे समान राखावे, हे सूत्र लिहावयास एक ओळ पुरते; पण ते पाळण्यासाठी छपराचे कौल कोणते असावे इतक्या तपशिलात शिरावे लागते, आणि कोणत्या कौलात उंदीर राहतो हे ज्ञान प्रयोगशाळेत मिळत नाही, ते गवंड्याला असते.

मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. हवेतून विष पसरते हा जुना पक्ष अजून जिवंत होता, म्हणून प्लेगच्या पिसवांनी भरलेल्या जागेत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर आणि दुसरा दोन फुटांवर टांगला. हवा दोहोंना एकच, पण पिसवेची उडी जेमतेम चार-पाच इंचांची. खालच्या पिंजऱ्यातला प्राणी प्लेगने मेला, वरचा जगला. माकडांच्या एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागदाचा पट्टा अंथरला. त्या पट्ट्याने पिसवा अडविल्या आणि आतले माकड वाचले, पट्टा नसलेल्या पिंजऱ्यातले माकड वाचले नाही. पिसवा नसलेल्या जागी प्लेग झालेल्या मादीने आपल्या पिलांना दूध पाजले तरी पिले निरोगी राहिली. प्लेगने माणूस मेलेल्या चाळींच्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या, आणि त्यांपैकी काही गिनीपिग प्लेगने मेलेलेही पाहिले. प्रत्येक प्रयोगामागे एकेक प्रतिपक्ष उभा आहे आणि प्रयोग त्याला बोलण्याची पुरी संधी देऊन मग निरुत्तर करतो, अशी ही मांडणी आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या शिस्तीशी परिचय असलेल्या वाचकाला ती परकी वाटू नये.

पण पिंजऱ्यातले सत्य शहरात खरे आहे हे कशावरून? माणसावर असा प्रयोग करता येत नाही, आणि करूही नये. तेथे पुन्हा निरीक्षणाकडेच वळावे लागते, मात्र आता ते निरीक्षण गृहीतकाने डोळस झालेले असते. मुंबईत एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर पकडून, त्यांची जात, जागा आणि दिनांक नोंदवून, प्रत्येकाची चिरफाड झाली. त्यातून एक शहर उघडे पडले जे मुंबईकरांनी कधी पाहिले नव्हते. तेथे उंदरांच्या दोन मुख्य जाती नांदत होत्या: थोराड, तपकिरी उंदीर गटारे, तबेले आणि तळमजले यांत राही, आणि सडपातळ घरउंदीर माणसांच्या खोल्यांत, माळ्यांवर आणि छपरांत. एकाच इमारतीत दोघांचे अधिवास निराळे, वाटा निराळ्या. पण पिसवा दोघांच्याही अंगावर त्याच, आणि तपकिऱ्यावर अधिक. साथ आधी तपकिऱ्या उंदरांत पसरे, सुमारे दहा दिवसांनी घरउंदरांत, आणि त्यानंतर आणखी दहा-चौदा दिवसांनी माणसांत. गटारातल्या रोगाला माणसापर्यंत येण्यास घरउंदराचा जिना लागत होता. गटारांत औषधी पाण्याचे लोट सोडून आपण कोणाला हुसकावीत होतो आणि कोणाच्या घरात, याचा विचार मग सुज्ञांना अस्वस्थ करणारा ठरला असेल.

ऋतूंचेही कोडे तेथेच सुटले. मुंबईची साथ दरसाल थंडीत डोके वर काढी, मार्चच्या सुमारास शिखर गाठी आणि पावसाळा येता येता ओसरे. त्याचे श्रेय दरसाल कोणता तरी अंमलदार आपल्या बंदोबस्ताला देत असे. मंडळाने उंदरामागे पिसवा किती हे महिनोमहिने मोजले, तेव्हा त्या संख्येचा चढउतार साथीच्या चढउताराशी मिळता निघाला. शिवाय हवेची उष्णता ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेली की पिसवेच्या पोटात जंतू फार काळ टिकत नाहीत असेही दिसले. शीव, वडाळा, वरळी आणि परळ या तेव्हाच्या गावांत घरोघर जाऊन केलेल्या टिपणांनीही हेच चित्र पक्के केले. मांडवीलाच रोग प्रथम का उठला, याचे उत्तरही आता सरळ झाले: वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरावर पिसू, पिसवेच्या अळ्यांना वखारीतल्याच धुळीचे आणि भुशाचे अन्न, आणि या सर्वांच्या माथ्यावर भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने निजलेली माणसे. धान्य, प्राणी, कीटक, जंतू, ऋतू आणि घरबांधणी यांचे हे परस्परावलंबी जाळे समजल्यावाचून त्यांपैकी कोणत्याही एकाचा अभ्यास पुरा होत नाही.

एक प्रश्न तरीही उरला होता, आणि तो मोठा गमतीचा होता. मुंबईच्या उंदरांना प्लेगचा जंतू टोचला असता त्यांपैकी पुष्कळ वाचत. मद्रासच्या उंदरांना टोचला असता ते जवळजवळ सारे मरत. पहिल्या भागाचा अर्थ स्पष्ट होता: दहा वर्षांच्या साथीने मुंबईतील दुबळे उंदीर निवडून मारले आणि काटक उंदरांचा वंश मागे ठेवला. डार्विनच्या नैसर्गिक निवडीचे असे डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण शोधण्यास दूर बेटांवर जाण्याचे कारण नव्हते. पण मग इतके नाजूक उंदीर असलेले मद्रास, बंदर असूनही, प्लेगच्या मोठ्या साथीतून सुटले कसे? १९११ साली रॉथशील्ड यांनीच चिऑपिसची एक बहीणजात वेगळी काढून तिला अस्टिआ असे नाव दिले, आणि पुढे कोलंबोच्या हर्स्टने व हिंदुस्थानातील उंदरांच्या पिसवांची पाहणी करणाऱ्या क्रॅगने असे दाखविले की मद्रास व कोलंबो या बाजूच्या उंदरांवर मुख्यतः ही दुसरी जात असते, आणि प्लेग वाहून नेण्यात ती पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी कारणही उलगडले: चिऑपिसच्या जठराच्या तोंडाशी प्लेगच्या जंतूंचा बोळा बसतो, रक्त आत जाईनासे होते, आणि भुकेने व्याकूळ झालेली ती पिसू पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यासरशी अडलेले रक्त जंतूंसह मागे ओकते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी बहिणी ओळखण्यास सरावलेल्या डोळ्यालाही कष्ट पडतात. पण लक्षावधी माणसांचे जगणे-मरणे त्या फरकावर अवलंबून होते.

या इतिहासात कोणाच्या पदरी किती श्रेय घालावे, याविषयी माझे मत सांगून मी हा लेख आटोपता घेतो. पहिला मान सिमाँचा, कारण पुरावा तोकडा असताना त्याची दिशा अचूक होती; पण प्रश्न निकाली काढण्याचा मान परळच्या मंडळाचा, कारण त्यांनी आपल्या आवडत्या उत्तराला खोटे ठरण्याची सहा वेळा संधी दिली. पहिल्या कमिशनने सिमाँला नाकारले यापेक्षा, नाकारून त्याचा प्रयोग आपल्या देखरेखीखाली मुंबईच्या पिसवा घेऊन पुन्हा केला नाही, हाच मला अधिक मोठा अपराध वाटतो. त्यापायी सहा-सात वर्षे फुकट गेली आणि त्या वर्षांतली माणसेही. मंडळाचे सर्व वृत्तांत १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजिन’ या नियतकालिकाच्या प्लेगविषयक अंकांतून तक्त्यांसह छापले गेले असून मोठ्या ग्रंथालयांत ते मिळू शकतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत, आणि वेळ थोडा असेल तर निदान पाचव्या आणि सहाव्या झोपडीचा मजकूर तरी वाचावा.